अमेरिकेतले ब्राझिली आणि पनामी स्थलांतरित: आर्थिक स्थितीची तुलना नेमकी कशी करायची?

ताळेबंद विचारतात:

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या ब्राझिली आणि पनामी स्थलांतरितांपैकी आर्थिकदृष्ट्या कोण बरं, यावर एक टिपण लिहायचं आहे. आधार अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या जनगणना विभागाच्या दरवर्षीच्या पाहणीचा. तयार तक्त्यांत तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, पनामींची माहिती 'हिस्पॅनिक मूळ' या सदरात सहज मिळते, पण ब्राझील त्या यादीतच नाही. दोन, घरटी उत्पन्न घेतलं की एक गट पुढे दिसतो आणि विमा, नागरिकत्व, स्वतःचं घर हे घेतलं की दुसरा. तीन, पनामींचे एका वर्षाचे आकडे इतके वरखाली होतात की कल काय आहे तेच कळत नाही.

कुठली माहिती घ्यावी, कुठल्या क्रमाने गाळावी आणि कुठला निकष धरावा? स्प्रेडशीट आणि थोडंफार आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) येतं, तेव्हा कच्ची माहिती हाताळायला हरकत नाही.

---

चाळणी यांचा प्रतिसाद:

पहिल्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक तुलना तिथेच फसतात.

अमेरिकेच्या सरकारी व्याख्येत 'हिस्पॅनिक' म्हणजे स्पॅनिश संस्कृतीशी किंवा मुळाशी नातं असलेले लोक. ब्राझील पोर्तुगीजभाषक, त्यामुळे एखाद्या ब्राझिली माणसाने फॉर्मवर 'हिस्पॅनिक' म्हणून खूण करून पुढे 'ब्राझिलियन' लिहिलं, तरी माहिती साफ करताना त्याची नोंद बिगर-हिस्पॅनिक केली जाते. २०२०च्या पाहणीत ही दुरुस्ती चुकून झाली नाही आणि किमान ४ लाख १६ हजार ब्राझिली एकदम हिस्पॅनिक म्हणून मोजले गेले. आदल्या वर्षी हा आकडा १४ हजारांच्या घरात होता. २०२०चं एक वर्षाचं काम तसंही महामारीमुळे प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झालं होतं, तेव्हा ते वर्ष सरळ वगळा.

उलट पनामींच्या हिस्पॅनिक तक्त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलं-नातवंडंही येतात. २०१०च्या जनगणनेतले १,६५,४५६ पनामी हे असेच, सगळ्या पिढ्या मिळून. शिवाय पनामातले अनेक लोक कॅरिबियन बेटांवरून आलेल्या मजुरांचे वंशज. त्यांच्यातले काही स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतच नाहीत, म्हणून ते या तक्त्यातून गळतात. थोडक्यात, तक्त्यात नको ते आत येतात आणि हवे ते बाहेर राहतात.

म्हणून 'मूळ' सोडा आणि 'जन्मस्थान' धरा. पाहणीची व्यक्तीनिहाय कच्ची फाइल (पम्स) उतरवून घ्या. तिच्यात पीओबीपी नावाचा रकाना असतो: ब्राझीलचा कोड ३६२, पनामाचा ३१६. एवढ्यावर थांबलात तर मात्र पनामाच्या बाबतीत मोठा घोटाळा होईल. पनामा कालव्याभोवतीच्या, एकेकाळी अमेरिकेच्या ताब्यातल्या पट्ट्यात आणि तिथल्या लष्करी तळांवर अमेरिकन आई-बापांच्या पोटी जन्मलेले लोकही ३१६मध्येच पडतात. सिनेटर जॉन मॅकेन यांचा जन्म १९३६ साली तिथल्याच कोको सोलो तळावरचा. हे जन्मतः अमेरिकन नागरिक, स्थलांतरित नव्हेत, आणि त्यांचं शिक्षण, उत्पन्न, पेन्शन सगळंच वेगळं. नागरिकत्वाच्या रकान्यात (सीआयटी) ज्यांच्यापुढे ३ आहे, म्हणजे 'परदेशात अमेरिकन पालकांच्या पोटी जन्म', ते गाळा. उरतील फक्त ४ आणि ५: नागरिकत्व घेतलेले आणि न घेतलेले. ब्राझीललाही हीच चाळणी लावा. तिथे फरक थोडा पडेल, पण नियम दोन्हीकडे एकच हवा.

तिसऱ्या अडचणीचं उत्तर साधं आहे. पनामात जन्मलेले अमेरिकेत ढोबळमानाने लाखभर. एक वर्षाच्या कच्च्या फाइलमध्ये लोकसंख्येच्या साधारण एक टक्का लोक असतात, म्हणजे हाती हजारेक पनामी. त्यांतले कमावत्या वयाचे, त्यांतले एखाद्या राज्यातले असं करत गेलात की पन्नास-साठ माणसं उरतात. पाच वर्षांची एकत्रित फाइल घ्या. आणि २०१५–१९ची तुलना २०१७–२१शी करू नका. मधली तीन वर्षं दोन्हींत सामाईक आहेत, त्यामुळे दिसणारा 'बदल' अर्धामुर्धाच असतो.

---

ओव्हरटाइम यांचा प्रतिसाद:

एवढा खटाटोप कशाला? घरटी मध्यक उत्पन्न (निम्मी घरं त्याच्या वर, निम्मी खाली) घ्या, दोन आकडे शेजारी ठेवा. वाचकाला तेच कळतं.

---

भिंगारी यांचा प्रतिसाद:

@ओव्हरटाइम, याच दोन समाजांच्या बाबतीत घरटी उत्पन्न सगळ्यात जास्त फसवतं. कारण सांगतो.

एका घरात तीन ब्राझिली सहनिवासी राहतात असं समजा. एक बांधकामावर, एक घरं साफ करणारी, एक रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात. प्रत्येकाची वर्षाची कमाई ३०,००० डॉलर. पाहणीच्या लेखी हे एकच घर आणि त्याचं उत्पन्न ९०,०००. दुसऱ्या घरात निवृत्त पनामी जोडपं, पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी मिळून ५२,०००. घरटी आकड्यात ब्राझिली घर पावणेदोन पट श्रीमंत.

आता अर्थतज्ज्ञांची नेहमीची युक्ती वापरा, म्हणजे उत्पन्नाला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. पहिलं घर साधारण ५२,०००, दुसरं ३६,८००. फरक कमी झाला, पण तोही खोटाच, कारण ही युक्ती धरून चालते की घरातले सगळे एका तिजोरीतून खर्च करतात. सहनिवासी भाडं वाटून घेतात, कमाई नाही. त्यांतला एक आपले पैसे ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात आईकडे पाठवतो, दुसरी गाडीचे हप्ते भरते. खरं चित्र प्रत्येकी ३०,००० आणि स्वस्तात पडलेलं भाडं, एवढंच.

म्हणून घरटी उत्पन्नाऐवजी हे बघा:

– २५ ते ६४ वयाच्या, वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्यांची वैयक्तिक कमाई, स्त्री-पुरुष वेगवेगळी. पनामी स्थलांतरितांत स्त्रियांचं प्रमाण बरंच जास्त आहे, ते लक्षात न घेता मध्यक काढला तर स्त्रियांच्या कमी पगाराचा परिणाम 'पनामी असण्या'च्या खात्यावर जमा होतो.

– दारिद्र्याचं गुणोत्तर (पीओव्हीपीआयपी), म्हणजे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती टक्के आहे ते. हे नात्याच्या कुटुंबावरून काढलेलं असतं, बिननात्याचे सहनिवासी स्वतंत्र धरले जातात. फक्त शंभरच्या खाली किती एवढंच पाहू नका, दोनशेच्या खाली किती तेही पाहा. काठावरचे लोक तिथे सापडतात.

– घराची मालकी (टीईएन). इथे १ म्हणजे कर्जासह स्वतःचं आणि २ म्हणजे कर्जमुक्त. दोन्ही एकत्र करू नका. तीस वर्षांपूर्वी आलेल्याचं घर फिटलेलं असतं, पाच वर्षांपूर्वी आलेल्याचं नसतं.

– भाडेकरूंमध्ये उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त भाडं देणारे किती.

आता घरं साफ करण्याच्या धंद्याविषयी, कारण मॅसॅच्युसेट्समधल्या ब्राझिली बायकांच्या कमाईचं मोठं साधन तेच आहे आणि पाहणीत ते नीट उमटत नाही. बॉस्टनच्या आसपास या धंद्याचं एकक म्हणजे 'स्केजुल': कुठल्या वारी कुठली घरं, किती दिवसांनी, किती दराने, याची बांधलेली यादी. नवीन आलेली बाई आधी यादीच्या मालकिणीची मदतनीस म्हणून रोजावर जाते. मग पैसे साठवून स्वतःची यादी विकत घेते आणि ब्राझीलला परतताना ती विकून टाकते. म्हणजे हे चक्क भांडवल आहे. पण पाहणी विचारते ती वर्षाची कमाई, आणि स्वयंरोजगारात तीही खर्च वजा करून. गाडी, पेट्रोल, मदतनीसाचा रोज, साफसफाईची रसायनं हे सगळं वजा झालं की कागदावर फार थोडं उरतं. यादीची किंमत तर कुठेच येत नाही. उलट मदतनीस बाईला रोख मिळतं आणि ते सांगितलं जाईलच असं नाही. एकाच धंद्यातल्या दोन बायका, दोघींचे आकडे दोन वेगळ्या कारणांनी कमी.

यावर उपाय असा नाही. स्वयंरोजगार आणि पगारी नोकरी हे दोन गट वेगळे दाखवा, आणि पहिल्या गटाच्या आकड्याखाली स्पष्ट लिहा की तो किमान समजावा.

---

बंदरनोंद यांचा प्रतिसाद:

आकडे गाळायच्या आधी हे लोक आले कुठून आणि कधी, ते पाहिलं तर अर्ध्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

पनामींची वाट अमेरिकन सरकारच्या अंगणातून गेलेली आहे. कालवा १९१४ला सुरू झाला. तो खणायला बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांवरून आणलेल्या मजुरांची वस्ती कोलोन आणि पनामा शहरात राहिली. इंग्रजी त्यांच्या घरातच होती. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर त्यांच्यातले बरेच ब्रुकलिनला आले. क्राउन हाइट्समधल्या फ्रँकलिन ॲव्हेन्यूला 'पनामा वे' असं जोडनाव आहे ते त्यामुळेच. दुसरा ओघ लष्कराचा: तळांवरच्या सैनिकांशी लग्न करून आलेल्या बायका आणि स्वतः सैन्यात भरती झालेले. म्हणून पनामी कुटुंबं टेक्सासात किलीन, नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिल, जॉर्जियात कोलंबस अशा ठिकाणी दिसतात. तिन्ही तळांची गावं. लष्कराची दक्षिण कमांड १९९७मध्ये मायामीला हलली, आणि १९७७च्या करारानुसार ३१ डिसेंबर १९९९ला कालवा पनामाच्या ताब्यात गेला. हा ओघ तिथेच आटला. परिणाम असा की समाज वयाने मोठा आहे, बहुतेकांकडे नागरिकत्व आहे, इंग्रजीची अडचण कमी आहे, आणि अनेकांना लष्करी किंवा सरकारी विमा-पेन्शनची सावली आहे.

ब्राझिली आले ते १९८०च्या दशकाच्या मध्यापासून, महागाईने पगाराची माती केली तेव्हा. सगळ्यात नाव असलेलं गाव मिनास जेराइसमधलं गोव्हेर्नादोर व्हालादारेस. दुसऱ्या महायुद्धात अभ्रकासाठी तिथे आलेल्या अमेरिकनांमुळे त्या गावाची अमेरिकेशी ओळख जुनी होती. तिथून माणसं बॉस्टन, फ्रेमिंगहॅम, न्यूअर्कचा आयर्नबाउंड भाग, कनेटिकटमधलं डॅनबरी इथे गेली. पुढे दक्षिण फ्लोरिडा आणि ऑर्लँडो. ब्राझीलमधल्या २०१४ ते १६च्या मंदीनंतर पुन्हा मोठी लाट आली, आणि तिच्यात पदवीधर मध्यमवर्ग बराच होता. २०१९मध्ये जनगणना विभागाच्या अंदाजाने ब्राझीलमध्ये जन्मलेले सुमारे ५ लाख होते, आणि पुढच्या तीन वर्षांत ते ६ लाखांच्या वर गेले. ब्राझीलच्या परराष्ट्र मंत्रालयाने मात्र २०२२मध्ये अमेरिकेतल्या ब्राझिलींचा आकडा १९ लाखांच्या आसपास सांगितला होता. तो वकिलातींचा अंदाज आहे आणि त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलं, दुहेरी नागरिक सगळे येतात. पण दोन आकड्यांतली एवढी मोठी दरी नुसत्या व्याख्येने भरत नाही. पाहणीचा फॉर्म इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये असतो, पोर्तुगीजमध्ये नसतो. व्हिसाची मुदत संपून राहिलेला माणूस सरकारी पाकीट बघून दार उघडेलच असं नाही. आणि जे सुटतात ते सहसा कमी कमाईचे, म्हणून ब्राझिलींचा मध्यक असतो त्यापेक्षा जरा वरच दिसतो असं समजून चाला.

आणखी एक: ब्राझिली हा एक समाज धरणंच चूक आहे. फ्लोरिडातल्या बोका रातोनमध्ये फ्लॅट घेतलेला साओ पाउलोचा व्यावसायिक आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एव्हरेटला तिघांत खोली घेतलेला रंगारी यांचा मध्यक काढून मिळतं काय? किमान मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडा वेगळे दाखवा.

---

ताळेबंद:

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. पनामी वयाने मोठे, ब्राझिली तरुण, तर वयाचा परिणाम कसा काढायचा? आणि दोन मध्यकांतला फरक खरा की सॅम्पलचा खेळ, हे कसं ठरवायचं?

---

चाळणी:

वयासाठी सगळ्यात सोपी पद्धत: २५–३४, ३५–४४, ४५–५४, ५५–६४ असे चार गट करा. प्रत्येक गटात दोन्ही देशांचा निकष वेगळा काढा, समजा दोनशेच्या खालच्या दारिद्र्याचं प्रमाण. मग दोन्हींना एकच वयरचना लावा, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या सगळ्या परदेशी-जन्मलेल्यांची, आणि त्या वजनांनी बेरीज करा. मिळालेला आकडा 'दोन्ही समाजांचं वय सारखं असतं तर' या प्रश्नाचं उत्तर आहे. टक्केवारीला हे बरोबर चालतं. मध्यकाला चालत नाही, कारण गटांच्या मध्यकांची सरासरी म्हणजे एकूण मध्यक नव्हे. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीच्या वजनालाच (पाहणीतला एक माणूस किती लोकांच्या जागी धरायचा, त्या आकड्याला) वयगटाचा गुणक लावा आणि मग वजनी मध्यक काढा.

आगमनाचं वर्ष (वायओईपी) हे वयाहूनही महत्त्वाचं. पण तिथे दोन्ही समाज फार थोडे एकमेकांवर पडतात. २०१५नंतर आलेले पनामी हाती किती लागणार? म्हणून 'वीस वर्षांहून जास्त राहिलेले' एवढाच एक गट दोन्हीकडून घ्या. ही जोडी खरी तुलना करण्याजोगी आहे. माझ्या मते टिपणाचा मुख्य तक्ता हाच असावा, बाकीचं सगळं त्याला जोड म्हणून.

आता फरकाची कसोटी. जनगणना विभाग मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते, ९० टक्के खात्रीने देतो. तिला १.६४५ने भागलं की स्टँडर्ड एरर मिळते. काल्पनिक आकड्यांवर करून दाखवतो:

पहिला गट: मध्यक ६२,०००, मार्जिन ४,८००. स्टँडर्ड एरर २,९१८.
दुसरा गट: मध्यक ६८,०००, मार्जिन २,१००. स्टँडर्ड एरर १,२७७.
दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: ३,१८५.
फरक ६,००० भागिले ३,१८५, म्हणजे १.८८.

१.८८ हे १.६४५हून मोठं, म्हणून ९० टक्क्यांवर फरक टिकतो. ९५ टक्क्यांसाठी १.९६ लागतं, तिथे तो पडतो. सहा हजारांचा फरक असूनही! पहिल्या गटाची, म्हणजे पनामींसारख्या छोट्या समाजाची, मोठी मार्जिन सगळं गिळते. कुठली पातळी वापरली ते टिपणात लिहा, आणि ती निकाल बघून नव्हे, आधी ठरवा.

हे तयार तक्त्यांपुरतं. कच्च्या फाइलवरून स्वतः मध्यक काढत असाल तर मार्जिन कुणी देत नाही. फाइलमध्ये मुख्य वजनाशिवाय ८० पर्यायी वजनं असतात. तोच मध्यक ऐंशी वेळा काढा, प्रत्येकाचा मुख्य मध्यकापासूनचा फरक वर्ग करून बेरीज करा, बेरजेला ४ भागिले ८० ने गुणा आणि वर्गमूळ घ्या. आरमध्ये सर्व्हे नावाचं पॅकेज हे करतं. नेहमीची स्टँडर्ड डेव्हिएशन काढून भागवू नका, ती फरक खोटाच ठळक करते.

उत्पन्नाच्या प्रत्येक रकान्याला ॲडजेआयएनसीने गुणायला विसरू नका. हा गुणक दशलक्षात दिलेला असतो, म्हणून आधी दहा लाखांनी भागा. पाच वर्षांच्या फाइलमध्ये प्रत्येक वर्षाचा गुणक वेगळा, आणि तो लावल्याशिवाय जुन्या वर्षाचे डॉलर आणि नव्या वर्षाचे डॉलर एकाच पोत्यात पडतात.

---

भिंगारी:

राज्यांचा खर्चही धरा. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा बॉस्टनला तीच आणि किलीनला तीच. ब्राझिली मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, फ्लोरिडात दाटलेले, आणि पनामी न्यूयॉर्क व फ्लोरिडाबरोबरच टेक्सास-जॉर्जियासारख्या स्वस्त राज्यांत पसरलेले. आर्थिक विश्लेषण विभाग दरवर्षी राज्यांचे आणि महानगरांचे किंमत-निर्देशांक काढतो, देशाची सरासरी १००. उत्पन्नाला त्या निर्देशांकाने भागून शंभरने गुणा. राज्यापेक्षा महानगराचा निर्देशांक घ्या. ब्रुकलिनच्या माणसाला न्यूयॉर्क राज्याची सरासरी लावणं म्हणजे त्याला त्याच राज्यातल्या स्वस्त बफेलो शहराच्या भाड्यात बसवणं.

---

बंदरनोंद:

विमा आणि पेन्शनबद्दल राहिलं होतं. विम्यात नुसतं 'आहे की नाही' न बघता प्रकार बघा: एचआयएनएस५ म्हणजे लष्करी ट्रायकेअर आणि ६ म्हणजे माजी सैनिकांची सेवा. पनामींची बाजू भक्कम का, ते तिथे दिसेल. ब्राझिलींमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण देशभर पाहिलं तर जास्त आहे, पण मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या योजनांमुळे तितकं नाही. हा फरक राज्याच्या धोरणाचा आहे, समाजाच्या ऐपतीचा नाही.

पेन्शनमध्ये मात्र ब्राझिलींना एक सोय आहे जी पनामींना नाही. अमेरिका–ब्राझील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्ही देशांतली नोकरीची वर्षं जोडून पात्रता मिळवता येते. पनामाशी असा करार नाही. धंद्याच्या व्हिसात उलटं. ई-२ गुंतवणूकदार व्हिसा पनामाच्या नागरिकाला मिळतो, ब्राझीलच्या नाही. म्हणून अनेक श्रीमंत ब्राझिली आजोबांच्या इटालियन नागरिकत्वावर तो काढतात. पाहणीत त्यांचं जन्मस्थान ब्राझीलच राहतं, काळजी नको.

घरी पाठवलेल्या पैशांवरून ऐपत मोजायच्या भानगडीत पडू नका. पनामात १९०४पासून डॉलर चालतो, तिथे दराचा काही खेळ नाही. ब्राझिली मात्र दर बघून पाठवतात. २०११मध्ये डॉलरला १.६ च्या आसपास रिआल मिळत, २०२०मध्ये पाचांच्या वर. पाठवलेली रक्कम वाढली म्हणून अमेरिकेतली कमाई वाढली असं होत नाही, नुसता रिआलचा भाव पडलेला असतो.

---

ताळेबंद:

ठरलं तर. पाच वर्षांची फाइल, जन्मस्थान ३६२ आणि ३१६, नागरिकत्व फक्त ४ आणि ५, मुख्य तक्ता वीस वर्षांहून जास्त राहिलेल्यांचा. कमाई स्त्री-पुरुष वेगळी, स्वयंरोजगार वेगळा, महानगराच्या निर्देशांकाने भागून. सहनिवासी ओळखायला नात्याचा रकाना पुरेल ना?

---

भिंगारी:

पुरेल, पण एक अडचण. नातं घरातल्या पहिल्या व्यक्तीशी धरून नोंदलेलं असतं. ती भाडेकरारावर सही केलेली बाई असेल आणि दुसऱ्या खोलीत एखादं जोडपं राहत असेल, तर ते दोघं कागदावर दोन सुटे सहनिवासी ठरतात, एकमेकांचे नवरा-बायको नाहीत. याच कच्च्या फाइलची आयपम्स नावाची नीट लावलेली आवृत्ती घेतलीत तर तिथे जोडीदार जोडून देणारे रकाने आहेत. मोफत आहे, फक्त नोंदणी लागते.